कोमेलांच्या सुनेची कॉफी

ओतिलियाचा फोन आला तेव्हा आंबवलेल्या कोबीच्या सूपमध्ये घेवडा कधी घालायचा, हे मी सुनेला समजावत होते. निवेस समजून घेत नव्हती. बावीस वर्षं झाली तिच्या लग्नाला, अजून समजून घेत नाही.

"मिलोयका, शनिवारी येतेय मी!" ओतिलिया ओरडली. तिला फोनवर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. "तुझी ती सरहद्द दाखव मला. तारा, कुत्री, जकातवाले, सगळं. बाकीच्या बायका म्हणाल्या, तू आधी बघून ये आणि आम्हाला सांग."

माझ्या हातातली पळी सूपमध्ये बुडाली.

ओतिलिया ही माझी गुडघ्यांची मैत्रीण. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरने आम्हा दोघींना दोन आठवडे गरम झऱ्यांवर पाठवलं होतं. तिचा उजवा गुडघा, माझा डावा. देशाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधल्या कुंडात गळ्यापर्यंत बुडालेल्या आम्ही सात जणी. पाय हलवायचे ते व्यायाम घेणाऱ्या बाई सांगतील तेवढेच. मनाजोगती हलवायला उरली एक जीभ. पहिल्याच दिवशी ओतिलियाने सांगितलं की तिच्या गोठ्यात तीनशे किलोचा डुक्कर होता. आता तीनशे किलोच्या डुकरासमोर माणसाने ठेवायचं काय? मी म्हटलं, आमच्या गोरित्सात डुकरं नव्हती, सरहद्द होती. कॉफी आमच्याकडे औषधालाही मिळायची नाही आणि तारेपलीकडे इटलीत दुकानं भरलेली. मी ती झग्याखाली बांधून जकातवाल्यांच्या नाकासमोरून आणायचे.

पहिल्या दिवशी दोन किलो होती. बायका पाय हलवायच्या थांबल्या, तशी तिसऱ्या दिवशी पाच झाली. दुसरा आठवडा संपत आला तेव्हा माझ्या मागे कुत्री सोडलेली होती, वरून गोळी झाडली होती, आणि मी एकदाही, अगदी एकदाही पकडली गेले नव्हते.

गोळी सोडली तर बाकी गोष्टी खऱ्या होत्या. फक्त त्या माझ्या सासूच्या होत्या.

माझी सासू तोंचका कोमेल. ती जिवंत असताना मी तिचं काही म्हणजे काही कबूल केलं नाही. तिने मीठ बरोबर घातलं तरी मी वरून चिमूटभर घालायचे. मेल्यावर मात्र तिची ही एवढी मालमत्ता मी कुणाला न विचारता उचलली. माझी स्वतःची कमाई विचाराल तर मी सरहद्दीवरून कॉफी आयुष्यात एकदा आणली. एक्क्याऐंशी सालची गोष्ट, लग्नाला चार महिने झाले होते. आणली असं तरी कसं म्हणू? नाक्यावर पकडली गेले. नुसती पकडली गेले असते तरी चाललं असतं. चार जकातवाल्यांसमोर भोकाड पसरून रडले.

हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, तो गेला. सासूला माहीत होतं, तीही गेली. राहिला एक, सिल्वेस्टर माकुत्स. त्यानेच मला पकडलं होतं, आणि त्याची तब्येत माझ्याहून चांगली आहे. त्यातून दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या हौशी लोकांनी जुन्या नाक्याच्या खोपटात चार फोटो आणि दोन टोप्या लावून प्रदर्शन मांडलं. तेव्हापासून दर शनिवारी हा गृहस्थ जुना गणवेश चढवून तिथे उभा राहतो. परगावची माणसं आली की आडवा दांडा खाली पाडतो आणि दरडावून विचारतो, "काही जाहीर करायचंय?" लोक हसतात, फोटो काढतात. मी मात्र दोन वर्षं ती वाट सोडली आहे. पलीकडच्या बाजारात जाते ती स्टेशनच्या चौकातून, लांबच्या वाटेने.

"रविवारी ये ना," मी ओतिलियाला म्हटलं. "रविवारी गाव निवांत असतं."

"रविवारी नातवाचा बाप्तिस्मा आहे. शनिवारीच येणार. मला त्या नाक्यावर उभं राहायचंय, जिथे तू त्यांना उल्लू बनवलंस!"

फोन ठेवला. निवेस माझ्याकडे बघत होती.

"आई, कुणाला उल्लू बनवलंत?"

"तू घेवडा घाल," मी म्हटलं.

शनिवारी ओतिलिया गाडीतून उतरली ती एका हातात भोपळ्याच्या बियांच्या तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात डुकराच्या सॉसेजची माळ घेऊन. मी सगळं ठरवून ठेवलं होतं. स्टेशनसमोरच चौक, चौकात सरहद्द. ती दाखवायची, मग पलीकडे जुन्या गावात न्यायचं, कॉफी पाजायची, आल्या वाटेने परत आणायचं आणि संध्याकाळच्या गाडीत बसवायचं. नाका या गोष्टीचा उच्चारही करायचा नाही.

चौकाच्या मधोमध येऊन ओतिलिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठाय?"

"काय?"

"सरहद्द."

"तुझ्या पायाखाली."

तिने खाली बघितलं. फरशीत एक रेघ, मधे एक गोल. तेवढ्यात एक कबूतर आमच्या देशातून चालत इटलीत गेलं, तिथे काहीतरी टिपलं आणि परत आलं.

"ही?"

"हीच."

"अगं, हिच्यावरून कबूतर गेलं."

"तेव्हा नसतं गेलं," मी म्हटलं. "तेव्हा कबुतरालाही पास लागायचा."

"तारा कुठायत?"

"काढल्या."

"कुत्री?"

"मेली."

"पहाऱ्याचा मनोरा?"

"पाडला."

"मग आहे काय तुझ्याकडे?"

एवढ्या लांबून गाडी बदलून बदलून आलेल्या बाईचा तोंडवळा मी पाहिला आणि मला माझ्या गावाची लाज वाटली. एक चांगली तार तरी ठेवायची होती पाहुण्यांसाठी! सगळीकडे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात तसा मी तिचा काढला. फोटोतही ती हसली नाही.

जुन्या गावात मी तोंडाला कुलूप म्हणून लावलं नाही. हे घर बघ, याचं स्वयंपाकघर इटलीत राहिलं आणि कोंबड्यांचं खुराडं आमच्याकडे आलं. ती भिंत बघ, तिच्यावरून दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी ओरडून बोलल्या, आणि सरहद्द उघडल्यावर समोरासमोर बसल्या तेव्हा भांडल्या. ओतिलिया "हं" म्हणायची. वरच्या किल्ल्याकडे तिने नुसतं बघितलं आणि आपल्या गुडघ्याला हात लावला. मी माझ्या गुडघ्याला लावला. किल्ला झाला.

मग आम्ही कॉफी घ्यायला गेलो. हल्ली कॉफी आमच्या बाजूलाही तीच मिळते. पण आमच्यातली कुणी बाई ती आमच्या बाजूला घेईल तर शपथ. तिकडून चालत आणलेल्या कॉफीलाच चव असते. ताज्या भाजलेल्या दाण्यांच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या चार कागदी पिशव्या मी घेतल्या, गरम गरम, आणि आम्ही शेजारच्या कॅफेत टेकलो.

ओतिलियाने कपात साखर ढवळली. खूप वेळ ढवळली.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"एवढे किलो तू लावायचीस कुठे? तुझ्या अंगावर तेव्हा एवढी जागा होती?"

"खास शिवलेला परकर होता. आतून चौदा खिसे."

"तो तरी दाखव घरी गेल्यावर."

"जाळला." खरं तर सासूबरोबर पुरला होता. तिची तशी इच्छा होती.

"तारा काढल्या, कुत्री मेली, परकर जाळला," ओतिलियाने बोटांवर मोजलं. "मी बायकांना सांगू काय? तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही हं."

ती तसं म्हणत नव्हती. पण पुढच्या हिवाळ्यात कुंडात गळ्यापर्यंत बुडालेल्या पाच बायका तेच म्हणतील, आणि मी त्यांच्यासमोर पाय हलवत राहीन, हे मला लख्ख दिसलं. माणसाचं नाव एकदा गरम पाण्यात विरघळलं की संपलं. मी पर्स आणि कॉफी उचलली.

"चल आत."

"कुठे?"

"संडासात. दाखवते."

तो संडास एका बारीक बाईसाठी बांधलेला होता. आम्ही दोघी, आमचे चार गुडघे आणि सॉसेजची माळ आत शिरलो आणि दार कसंबसं लागलं. परकर तर नव्हता. पण आम्हा दोघींच्या एकेका गुडघ्यावर झऱ्यांवरून मिळालेला लवचीक पट्टा होता. मी माझा सोडला, तिला म्हटलं, तुझा दे.

"माझा? मग मी चालू कशी?"

"तुला बघायचंय की नाही?"

तिने दिला. दोन पिशव्या उजव्या मांडीला, दोन डाव्या मांडीला, वरून पट्टे ताणून बसवले आणि घागरा सोडला. ओतिलियाने माझ्याभोवती फिरायचा प्रयत्न केला, जागा नव्हती म्हणून मलाच फिरवलं.

"अगं बाई! काही म्हणता काही दिसत नाही!"

तिच्या डोळ्यांत झऱ्यांवरची चमक परत आली. मला काय वाटलं सांगू? मला खरंच वाटायला लागलं की मी हे आधी केलंय.

दोन पावलं टाकली आणि वर्षभर पट्ट्यात राहिलेला माझा गुडघा जागा झाला. तिसऱ्या पावलाला उजवी पिशवी इंचभर घसरली. मांड्या जवळ घेतल्या तर दाणे कुरकुरायचे, लांब ठेवल्या तर बदकासारखी चाल व्हायची. मी बदक पत्करलं. चौकापर्यंत अशी जाईन, पाऊण तासात पोचेन, रेघ ओलांडेन, ओतिलिया टाळ्या वाजवेल, संपलं.

पण पट्टा काढल्यामुळे ओतिलियाही लंगडत होती. तिने वेटरला विचारलं, पलीकडे जायला जवळची वाट कोणती? त्याने सरळ बोट दाखवलं.

"दोनशे पावलं!" ओतिलिया माझ्यावर ओरडली. "आणि तू मला सकाळपासून अर्धं शहर हिंडवतेयस?"

"ती वाट चांगली नाही."

"काय झालंय वाटेला?"

"दगड आहेत."

"दगड सगळीकडेच आहेत तुमच्याकडे!" असं म्हणून ती निघालीसुद्धा, आणि माझी पर्स तिच्या खांद्याला होती. घराची किल्ली त्यातच. मी बदकासारखी मागे.

अर्ध्या वाटेवर एका इटालियन म्हाताऱ्याने मला गाठलं. डोक्यावर हॅट, हातात काठी, वागणं एकदम सभ्य.

"सिन्योरा, गुडघा की कंबर?"

"दोन्ही," मी म्हटलं. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

"हात धरा माझा. माझी बायकोही अशीच चालायची."

"मग बरी झाली?"

"वारली."

त्याने माझा हात असा पकडला की सोडवून घ्यायला भांडण काढावं लागलं असतं. आणि पुढे नाका दिसत होता. खोपट, पांढरा-तांबडा दांडा, भोवती वीसेक ऑस्ट्रियन पाहुणे कॅमेरे घेऊन, आणि मधोमध टोपी घातलेला सिल्वेस्टर माकुत्स. मी गळ्यातला रुमाल नाकापर्यंत ओढला.

ओतिलिया आधीच दांड्यापाशी पोचली होती, आणि तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला होता. शेवटी एकदाची तिला सरहद्द सापडली होती.

"थांबा!" माकुत्सने माझ्यासमोर दांडा खाली पाडला. "बाई, काही जाहीर करायचंय?"

आता बघा. सरहद्द उठून किती वर्षं झाली. कायद्याने मी मांडीला बोकड बांधून नेला असता तरी मला कुणी विचारणारं नव्हतं. सरळ म्हणायचं, कॉफी आहे, घरी नेतेय, तुम्हाला हवी का? पण त्या टोपीखालून तो प्रश्न आला आणि माझी जीभ माझी राहिली नाही.

"काही नाही," मी म्हटलं. आणि दोन्ही कान तव्यासारखे तापले.

इथेही निभावलं असतं. पण त्या सभ्य म्हाताऱ्याने काठी उंचावून माकुत्सला हाक मारली. "साहेब, या बाईंना बरं नाहीये. एक खुर्ची द्या."

"नको," मी म्हटलं.

"आणतो," माकुत्स म्हणाला.

"मी उभीच बरी आहे."

"माझी बायकोही हेच म्हणायची," म्हातारा म्हणाला.

खुर्ची आली. वीस ऑस्ट्रियन माणसांनी काळजीने वाट करून दिली. एकीने पंखा हलवला. म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, आणि मी बसले.

फट्ट.

आधी एकच दाणा निघाला. पायमोज्यावरून घरंगळत बुटात शिरला. मग तीन-चार आले, मग मूठभर, आणि मग धबधबाच. दाणे खुर्चीच्या चारी पायांतून टणटण उड्या मारत उतारावरून निघाले, दांड्याखालून गेले आणि आमच्या देशात शिरले. एकालाही माकुत्सने अडवलं नाही. सगळ्या नाक्यावर असा ताजा वास सुटला की लोकांनी आधी श्वास घेतला आणि मग टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. एकाने विचारलं, पुन्हा किती वाजता आहे?

माकुत्स वाकला. एक दाणा उचलला, हुंगला. मग माझ्याकडे बघत राहिला.

"बाई, रुमाल खाली घ्या."

"सर्दी आहे मला."

"कोमेल!" त्याने कपाळावर हात मारला. "कोमेलांची सून! एक्क्याऐंशी!"

"तुम्ही चुकताय."

"मी चुकतोय? बाई, छत्तीस वर्षं या नाक्यावर काढली. चेहरा विसरेन, पण ते रडणं कसं विसरेन? तसं पुन्हा कुणी रडलं नाही! आम्ही चौघंही हवालदिल झालो होतो. एक पाणी आणायला पळाला, एक रुमाल शोधत होता, फ्रान्स डॉक्टरला फोन लावत होता आणि मी तुमच्यासमोर गुडघे टेकून विनवत होतो की बाई, ठेवा तुमची कॉफी, पण थांबा!"

"मग ठेवू का नाही दिलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. आणि सगळं संपलं.

ओतिलिया पुढे आली. तिच्या हातात अजून सॉसेजची माळ होती.

"पकडली गेली होतीस?" तिने विचारलं. एवढ्या ओळखीत ती पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"हो."

"आणि ते पाच किलो? कुत्री? चौदा खिसे?"

वीस अनोळखी माणसं, एक विधुर आणि एक जकातवाला ऐकत होते. बुटात कॉफीचे दाणे टोचत होते. माझ्या वयाच्या बाईने घरात सगळ्यांना धाकात ठेवलेलं असतं, पण दाण्यांवर बसल्यावर धाक कुठून आणायचा?

"मी एकदाच आणली," मी म्हटलं. "दोन किलो. बाकी सगळं सासूचं आहे. तोंचका कोमेलचं."

ऑस्ट्रियन लोकांबरोबरच्या मुलीने भाषांतर केलं आणि सगळे एकदम "आऽऽ" म्हणाले.

माकुत्सने मात्र डोक्यावरची टोपी काढली.

"तोंचका," तो म्हणाला. "मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तिने मला घरी बोलावलं होतं. तुम्ही माहेरी गेला होतात. तिने समोर कप ठेवला आणि म्हणाली, सिल्वेस्टर, आता तुझं पेन्शन सुरू झालंय, तर सांगून टाकते. एक्क्याऐंशी साली तुम्ही चौघं माझ्या सुनेचे डोळे पुसत होतात ना, तेव्हा मी तुमच्या पाठीमागून गेले. पंधरा किलो घेऊन."

भाषांतर करणाऱ्या मुलीने पंधराचा आकडा दोनदा सांगितला.

"मी आजवर कुणाला सांगितलं नाही," माकुत्स म्हणाला. "इज्जतीचा प्रश्न होता."

"पण तिला कसं माहीत, मी पकडली जाणार?" मी विचारलं.

माकुत्सने टोपी हातात फिरवली. "गाठ कुणी मारली होती तुमच्या पिशवीला?"

मला आठवलं. सासूने मारली होती. स्वतःच्या हाताने, अंगणात मला उभी करून. आणि मी चव्वेचाळीस वर्षं समजत होते की माझंच चुकलं. मीच नीट चालले नाही. मी या घराला शोभत नाही.

"सैलच मारली होती, म्हणाली ती," माकुत्स पुढे सांगायला लागला. "म्हणाली, तिला आधी सांगितलं असतं तर ती रडली नसती, मान वर करून भांडली असती. न सांगता पाठवली म्हणून मनापासून रडली. असं रडणं शिकवून येत नाही. सून चांगली मिळाली मला."

हे ती त्याला म्हणाली. जकातवाल्याला. मला नाही.

त्या संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बसवून स्वतः कॉफी करून दिली होती. दोन चमचे साखर घालून. मी हुंदके देत प्यायले आणि मनात म्हटलं, म्हातारीला माझी दया आली. माझी कॉफी तर नाक्यावर जप्त झाली होती. मग घरात ही आली कुठून, एवढा साधा प्रश्न मला चव्वेचाळीस वर्षांत पडला नाही! आणि मी निवेसला म्हणते, तुला समजत नाही.

म्हाताऱ्या इटालियनाने मला उठवलं. ऑस्ट्रियन बायकांनी खाली वाकून दाणे गोळा करून दिले. माकुत्सने दांडा उचलला आणि मला सलाम ठोकला. मी बुटांतून करकर आवाज करत आमच्या बाजूला आले.

स्टेशनपर्यंत ओतिलिया एक शब्द बोलली नाही. हे तर ओरडण्यापेक्षा वाईट. फलाटावर आम्ही आपापले पट्टे आपापल्या गुडघ्यांवर चढवले. गाडी उभी होती.

"बायकांना काय सांगणार आहेस?" मी विचारलं.

"बघते."

"ओतिलिया, काहीच सांगू नकोस. म्हणावं, पाऊस होता, काही बघितलं नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. झऱ्यांवरची हेर्मिना. पाचही जणी तिच्या स्वयंपाकघरात जमून वाट बघत बसल्या होत्या. ओतिलियाने माझ्याकडे बघितलं, दाराच्या पायरीवर चढली आणि तिचा आवाज परत जागेवर आला.

"अगं काय सांगू! कॉफी नेली! हो, आजच! दोन किलो, मांडीला बांधून! कुणी म्हणजे? मी!"

मी कान टवकारले.

"मीच तर! नाक्यावर जकातवाला टोपी घालून उभा, मला म्हणतो काही जाहीर करायचंय? मी म्हटलं, काही नाही! मग मला खुर्चीत बसवलं आणि गं, फट्ट! पकडली ना मला! सगळ्या नाक्यावर दाणेच दाणे!"

तिने मला डोळा मारला. तिला वाटत होतं, ती माझी अब्रू वाचवतेय. माझं हसं ती स्वतःच्या अंगावर घेत होती, अशी सोन्यासारखी बाई. मी गप्प बसायला हवं होतं. मान खाली घालून डोळे पुसायला हवे होते.

"मिलोयका?" ओतिलिया फोनमध्ये सांगत होती. "मिलोयका बाजूला उभी होती गं. बिचारी."

बाजूला! बिचारी!

मी पायरीवर हात लांब करून तिच्या कानाचा फोन काढून घेतला.

"हेर्मिना, मी बोलतेय, मिलोयका! नीट ऐका सगळ्याजणी! दाणे माझ्या घागऱ्यातून सांडले! पकडली गेले ती मी! एक्क्याऐंशी सालीसुद्धा मीच! आणि अशी रडले, अशी रडले की चार जकातवाले माझ्यापुढे गुडघ्यांवर आले. आणि त्या रडण्यावर माझ्या सासूने पंधरा किलो पार केली! ओतिलियाने नाही, सासूने! तोंचका कोमेल. नाव लिहून घ्या कुणीतरी. तुम्हाला कुंडात जे सांगितलं ते सगळं तिचं होतं. रडणं तेवढं माझं!"

फलाटावरची माणसं वळून बघत होती. बघू देत. फोनमध्ये पाच बायका एकदम बोलायला लागल्या, कुणाचंच कळेना. शिट्टी झाली, दार बंद झालं, गाडी हलली. ओतिलिया काचेमागे दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होती, आणि मलाही उशिराच उमगलं की तिचा फोन माझ्या हातात राहिलाय.

"मिलोयका, आहेस का?" हेर्मिना विचारत होती. "पहिल्यापासून सांग. अगदी पहिल्यापासून."

मी बाकावर बसले. बूट काढला, उलटा केला, चार दाणे फरशीवर सांडले.

"लग्नाला चार महिने झाले होते माझ्या," मी म्हटलं. "आणि माझ्याकडे दोन किलो होती. दोनच."